बरणीतली त्रेचाळीस नावं

वहीत एकही नाव नसायला हवं होतं. त्रेचाळीस होती.

रऊफने पुन्हा मोजली. मग बरणीच्या झाकणाचा आटा नीट आहे ना ते पाहिलं, झाडाकडे पाहिलं, हातातल्या यंत्रावरचे आकडे पाहिले. झाड तेच होतं, वलगावच्या पुढे पाच किलोमीटरवरचं धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं हिवर. आकडेही तेच होते. बरणीही त्याचीच, दोन किलो लोणच्याची, हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली. दीड महिन्यापूर्वी त्याने ती झाडाखालच्या दगडांच्या राशीत लपवली होती. आता ती होती तिथेच होती, फक्त वरून कोणीतरी दवापासून वाचवायला पोत्याचा तुकडा पांघरला होता.

२०१० सालचा नोव्हेंबर होता. बकरी ईदचा दुसरा दिवस, म्हणून अमरावतीच्या इतवाऱ्यातलं त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होतं.

खेळ साधा आहे. एकाने डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या वेबसाइटवर टाकायचे. दुसऱ्याने ते आकडे हातातल्या जीपीएस यंत्रावर घालून जागा गाठायची, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून निघायचं. बक्षीस नाही. डब्यात किरकोळ वस्तू असतात. त्यातली एक घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. खायचं काही ठेवायचं नाही, मुंग्या येतात. न खेळणाऱ्यांच्या देखत डबा काढायचा नाही. डबा जमिनीत पुरायचा नाही. आणि ज्याची जमीन असेल त्याची परवानगी आधी घ्यायची. वेबसाइटवर परवानगीसाठी एक चौकट होती. रऊफने तिच्यात बरोबरची खूण केली होती. परवानगी मात्र कोणाचीच घेतली नव्हती. ओसाड धुरा आहे, कोणाला काय विचारायचं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

यंत्र त्याने चिखलदऱ्याकडे पवनचक्क्यांची पाहणी करून परत निघालेल्या एका माणसाकडून जुनं विकत घेतलं होतं. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मिळून हा खेळ खेळणारे सहा जण होते. यंत्र शेवटच्या दहा पावलांपर्यंत आणून सोडतं. तिथून पुढे त्याचा उपयोग नसतो, डोळ्यांनी शोधावं लागतं. रऊफला ती दहा पावलं आवडायची. बंद घड्याळ उघडल्यावर बिघाड सापडेपर्यंतचा जो वेळ असतो, तसाच हा वेळ होता. बिघाड सापडला की उरलेलं काम हात आपोआप करतात.

हा डबा वेबसाइटवर चारच दिवसांपूर्वी जाहीर झाला होता. पहिला मान मिळवायला अकोल्याच्या कौशल्याबाई सरोदे शनिवारी येणार होत्या. त्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्या यायच्या आधी डबा ठीक आहे ना, एवढंच पाहायला रऊफ आला होता.

वहीतली पहिली ओळ अशी होती: बेबीताई इंगोले, गट नंबर ११२, तीन एचपी. पुढे तारीख. दुसरी ओळ: शालिकराम इंगोले, गट नंबर ११४, पाच एचपी. मग तारीख. त्रेचाळीसही ओळी अशाच होत्या. बरणीत त्याने ठेवलेली किल्लीची साखळी, काचेची गोटी आणि बंद पडलेलं लहान मुलाचं घड्याळ नव्हतं. त्यांच्या जागी पासपोर्ट आकाराचे फोटो होते, एकतीस. सातबाऱ्याच्या झेरॉक्सची एक गुंडाळी होती, रबर लावलेली. आणि एक नवं निळं पेन.

"आले का साहेब?"

धुऱ्यावरून एक बाई येत होती. पन्नाशीची, डोक्यावर वांग्यांची टोपली, अंगात साडीवरून पुरुषी शर्ट. रऊफने बरणी पाठीमागे घेतली. बाईला हसू आलं.

"लपवता काहून जी? पोतं मीच पांघरलं तिच्यावर."

"तुम्ही?"

"बेबीताई. पयलं नाव माहं हाय, पायलं नाई का?"

तिने टोपली खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. गेल्या महिन्यात तिने त्याला इथे उभं पाहिलं होतं. हातात यंत्र, तोंड आभाळाकडे, तीनदा जागच्या जागी फिरला, वाकला, गेला. तो गेल्यावर तिने धुरा तपासला.

"माह्या धुऱ्यावरचा कोन्ता दगड हलला ते मले समजत नाई का? वीस वर्सांपासून मी पाहून राह्यली त्यायले. उचलला तं बरणी. बरणीत वही."

वहीच्या पहिल्या पानावर रऊफने मराठीत चार ओळी लिहिल्या होत्या. नाव लिहा. तारीख टाका. बरणी आहे तिथेच ठेवा. इतरांना सांगू नका. त्याखाली खेळाची सविस्तर माहिती इंग्रजीत चिकटवली होती. कौशल्याबाईंनी फोनवर सांगितलं होतं, सगळं मराठीत लिहा म्हणून. जागा पुरली नाही, असं उत्तर त्याने दिलं होतं.

मागल्या चार-पाच वर्षांत त्या गावात वह्या घेऊन बरेच जण येऊन गेले होते. जीपमधून आले, पायरीवर बसले, चहा प्याले, नावं लिहून घेतली. गाईंसाठी यादी झाली, बियाण्यांसाठी झाली, मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी झाली. एका यादीत नाव नसलं की दुसऱ्या यादीतही नसायचं, हे गावाला पाठ झालं होतं. त्यामुळे यंत्रवाला माणूस, त्याची वही, आणि 'इतरांना सांगू नका' हे शब्द पाहिल्यावर बेबीताईला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. ही विजेच्या खांबांची मोजणी होती. मोटारपंपाच्या कनेक्शनची यादी होती. आणि या खेपेला ती गुपचूप होत होती, म्हणजे खरी होती.

"गट नंबर मीच टाकला मनानं. एचपी बी. तुमी लिवलं नोतं, पण लागतेच ना ते."

"आणि इतरांना सांगू नका, असं लिहिलं होतं."

"मी एकालेच सांगतलं. शालिकरामभासऱ्यायले. त्यायनं बी एकालेच सांगतलं."

"माझी गोटी आणि साखळी?"

"मेंबराच्या पोरानं नेली. म्या म्हटलं, सरकारी सामान हाय, बदल्यात काई तरी ठेव. त्यानं फोटो ठेवला बापाचा. मंग सगळेच ठेवू लागले."

ज्यांना खेळ माहीत नव्हता त्यांनी खेळाचा प्रत्येक नियम पाळला होता. त्याने स्वतः एक मोडला होता.

"बेबीताई, वीज ऑफिसात अर्ज नाही केला का?"

"दोनदा केला. दोनदा वापस आला. विहिरीपासून जवळच्या खांबाचं अंतर, मीटरमधी, असा रकाना राह्यते त्याच्यात. पयल्यांदा मी लिवलं तीनशे चाळीस. साहेब म्हणे चूक. दुसऱ्यांदा भासऱ्यानं अंदाजानं नव्वद लिवलं. ते बी चूक. आता नवीन फॉर्म काढले त्यायनं, शनवारी शेवटची तारीख. मी म्हटलं, जाऊ द्या, आपलं नाव इथं पयलं हाय." तिने टोपलीतली चार वांगी काढून त्याच्या पिशवीत घातली. "डिझेल इंजिनाचा आता मले कटाळा आला. पट्टा सुटते, हात भाजते. साहेब, एक करजा. नाव पयलंच ठेवजा."

रऊफ म्हणाला, "पाहतो." एवढंच म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली.

घरी सुरैय्याने पिशवी उघडली. "कल बकरा कटा, आज बैंगन? डिब्बे में बैंगन निकले क्या?"

त्याने सांगितलं. ती ऐकताना वांगी धूत होती. मध्येच तिने नळ बंद केला.

"मतलब तुम झूट बोलके बैंगन ले आए."

"झूट कहाँ बोला? मैं बोला, देखता हूँ."

"वोईच तो साब लोग बोलते."

तिने वांगी परत पिशवीत भरली, पिशवी दाराशी ठेवली.

रऊफने कौशल्याबाईंना फोन लावला. त्रेचाळीस आकडा ऐकून त्या आधी हसल्या. "अहो रऊफभाई, माझ्या बाळापूरच्या डब्यात तीन वर्षांत नऊ नोंदी आहेत. त्यातल्या दोन माझ्या भावाच्या." मग त्याने फॉर्मची शनिवारची शेवटची तारीख सांगितली आणि त्यांचं हसणं थांबलं.

"परवानगी कोणाची घेतली होती तुम्ही?"

"कोणाचीच नाही."

"चौकटीत खूण केलीत."

"केली."

"मी तुमच्या भरवशावर शनिवारचं तिकीट काढणार होते. उद्या येते. सकाळच्या एसटीने."

"बाई, त्यांना सांगायचं कसं? न खेळणाऱ्यांना सांगायचं नाही, असा नियमच आहे."

"तो नियम डबा वाचवायला आहे. आपल्याला वाचवायला नाही. यंत्रात सेल नवे घाला."

शुक्रवारी दहाच्या सुमारास दोघे मोटरसायकलवरून गावात पोचले. कौशल्याबाई उन्हाची टोपी घालून मागे बसल्या होत्या, मांडीवर वांग्यांची पिशवी. बेबीताईच्या खळ्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. यंत्रवाले साहेब या खेपेला मॅडमला घेऊन आले, ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. कोणीतरी खाट टाकली. रऊफ खाटेवर बसला नाही.

"मी साहेब नाही," तो म्हणाला. "इतवाऱ्यात घड्याळं दुरुस्त करतो. ही यादी विजेची नाही. कसलीच नाही. हा एक खेळ आहे आणि ती बरणी मी तुम्हाला न विचारता तुमच्या धुऱ्यावर ठेवली. चूक माझी आहे."

मग त्याने खेळ समजावून सांगितला. सांगताना तो त्याला स्वतःलाच फार लहान वाटला.

शालिकराम, बेबीताईचे भासरे म्हणजे थोरले दीर, साठीचे होते, काटकुळे, कानावर बिडी खोचलेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे तुमी एवढाले माणसं लपाछपी खेळून राह्यले?"

"हो."

"पगार भेटते?"

"नाही."

"पेट्रोल?"

"आपलंच."

"मंग काहून?"

रऊफने दहा पावलांबद्दल सांगायचा प्रयत्न केला. यंत्र आणून सोडतं, मग आपल्याला शोधावं लागतं, वस्तू इथेच आहे हे माहीत असतं आणि दिसत नसते.

"आमाले नका सांगू ते," मागून एक जण म्हणाला. "आमी पाच वर्सांपासून खांब शोधून राह्यलो. इथंच हाय म्हंते, दिसत नाई."

दोघं-तिघं हसले. बेबीताई हसली नाही. ती खळ्याच्या कडेला उभी होती.

"काल मी पुसलं तवा काहून नाई सांगतलं?" ती म्हणाली. "मी उद्या बी घरीच बसली असती. वांगे नेले माहे."

कौशल्याबाईंनी पिशवी तिच्यापुढे ठेवली. "ही तुमची वांगी. मला त्या वहीत पहिलं नाव लिहायचं होतं. ते तुम्ही आधीच लिहिलंत, मान तुमचा. आता तो फॉर्म दाखवा."

फॉर्म कोणाकडेच नव्हता. एक जण मोटरसायकलवरून वलगावला जाऊन झेरॉक्सच्या दुकानातून पन्नास कोरे फॉर्म घेऊन आला. कौशल्याबाईंनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, बोट ठेवून, परीक्षेचा पेपर तपासावा तसा.

"नाव, गट नंबर, एचपी. हे वहीत आहे. फोटो, सातबारा. हे बरणीत आहे." बोट एका रकान्यावर थांबलं. "विहिरीपासून जवळच्या खांबाचं अंतर, मीटरमध्ये. बेबीताई, तीनशे चाळीस कसं काढलंत?"

"मोजलं. चालत. तीनशे चाळीस पावलं."

"पावलं. आणि रकान्यात मीटर लिहिले."

"पावलं काय अन् मीटर काय!"

रऊफने तेवढ्यात खिशातून यंत्र बाहेर काढलं होतं.

बेबीताईच्या विहिरीच्या काठावर उभं राहून त्याने एक खूण साठवली. मग धुऱ्याधुऱ्याने रस्त्याकडेच्या खांबापर्यंत गेला आणि दुसरी साठवली. मागून अख्खं खळं चालत होतं. यंत्रावर आकडा आला, २१४. त्याने तो लगेच लिहू दिला नाही. आणखी दोनदा मोजलं, २१६ आणि २१३. "तीन-चार मीटर इकडेतिकडे होतात," तो म्हणाला. "पण तीनशे चाळीसही नाही आणि नव्वदही नाही."

"भासरे," बेबीताई शालिकरामांकडे न पाहता म्हणाली, "नव्वद कोठून आनले होते तुमी?"

"सायबाले बरं वाटावं म्हून," शालिकराम म्हणाले.

त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत सतरा विहिरी झाल्या. रऊफ मोजत होता, कौशल्याबाई हिवराखाली बसून फॉर्म भरत होत्या. अक्षर चुकलं की फॉर्म फाडायच्या, त्यामुळे रांगेतले लोक श्वास धरून बघायचे. रात्री त्या बेबीताईकडेच राहिल्या. शनिवारी सकाळी अकरापर्यंत आणखी बारा विहिरी झाल्या. नऊ जणांना आपलं अंतर माहीत होतं, ते आपापला फॉर्म भरून गेले. पाच जण आले नाहीत. त्यातल्या एकाने निरोप पाठवला की लपाछपीवाल्यांच्या आकड्यावर आपण सही करणार नाही.

दुपारी दोन वाजता एकोणतीस फॉर्म वीज ऑफिसच्या टेबलावर होते. कारकुनाने बेबीताईचा उचलला, आधीचे दोन अर्ज काढून ताडून पाहिला.

"दोनशे चौदा? हे कोणी मोजलं?"

"घड्याळवाल्यानं," बेबीताई म्हणाली.

कारकुनाने नकाशा काढला, फूटपट्टी लावली, कुठेतरी बारीक आकडेमोड केली. मग पोचपावतीवर शिक्का मारला आणि पावती तिच्यासमोर सरकवली. पुढचा फॉर्म उचलला.

त्याच संध्याकाळी रऊफने वेबसाइटवर आपला डबा बंद केला. कारणाच्या जागी लिहिलं: परवानगी घेतली नव्हती. खाली कौशल्याबाईंची नोंद आली: पहिला शोध, बेबीताई इंगोले. यंत्राशिवाय. रिकामी बरणी तेवढी आणायची राहिली होती.

पुढच्या गुरुवारी शालिकराम इतवाऱ्यातल्या दुकानात आले. मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं, काच बदलायची होती. निघताना एक चिठ्ठी ठेवली.

"काय आहे?"

"वाचा. अन् इतरांले सांगू नका."

चिठ्ठी पेन्सिलने लिहिली होती. बरणी हलवली आहे. बेबीच्या विहिरीपासून एकशे सत्तर पावलं. पावलं बेबीची. जागामालकाची परवानगी घेतली आहे.

रविवारी रऊफ आणि कौशल्याबाई विहिरीच्या काठावर उभे होते. धुऱ्यावर ओळीने माणसं बसली होती, काही जण भुईमुगाच्या शेंगा फोडत. मदत करायची नाही असं आधीच ठरलेलं दिसत होतं.

"दिशा दिली नाही," कौशल्याबाई म्हणाल्या. "एकशे सत्तर पावलांचं अख्खं वर्तुळ झालं हे. तुरीत शिरायचं की कपाशीत?"

"मॅडम, कपाशीत साप हाय," धुऱ्यावरून कोणीतरी म्हणालं.

"असू द्या. शाळेत याहून मोठे होते."

रऊफ हिशेब करत होता. तीनशे चाळीस पावलं म्हणजे दोनशे चौदा मीटर. बेबीताईचं एक पाऊल त्रेसष्ट सेंटिमीटरचं. एकशे सत्तर पावलं म्हणजे एकशे सात मीटर. त्याने आकडा यंत्रात घातला आणि थांबला. एकशे सत्तर हे तीनशे चाळीसच्या बरोबर निम्मे होते.

"बाई, कपाशीत नको. खांबाकडे चला."

धुऱ्यावरचं शेंगा फोडणं बंद झालं.

विहीर आणि रस्त्यावरचा खांब यांच्यामधून तो यंत्र बघत चालला. एकशे सहा. एकशे सात. तिथे काहीच नव्हतं. सपाट धुरा, कडेला पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या काड्यांचा ढीग. यंत्राने आणून सोडलं होतं. तो ढिगाभोवती एकदा फिरला, मग दुसऱ्यांदा. बाकी सगळ्या पऱ्हाट्या गेल्या हंगामातल्या, वाळून काळपट झालेल्या होत्या, एका टोकाच्या मात्र नुकत्याच उपटलेल्या होत्या. नोव्हेंबरात उभी कपाशी कोण उपटतं? त्याने त्या बाजूला केल्या.

खाली खड्डा होता. हातभर रुंद, कमरेइतका खोल, कडा पहारीने सरळ केलेल्या. तळाशी हिरव्या पट्टीची बरणी.

"सापडला!" धुऱ्यावरून ओरडा झाला. ओरडला तो शोधणारा नव्हता, लपवणारा होता. शालिकराम.

रऊफने काठावर पालथं पडून बरणी काढली. आत वही, निळं पेन, आणि गोटी. मेंबराच्या पोराने परत आणली होती. वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या चार ओळींखाली वळणदार मराठीत आणखी एक ओळ आली होती: हा खेळ आहे, यादी नाही. त्याखाली पोचपावतीची झेरॉक्स, नीट घडी केलेली.

कौशल्याबाई खड्ड्याच्या काठाशी उभ्या होत्या. तोंड गंभीर होतं. "बेबीताई, बाकी सगळं उत्तम. पण एक सांगते. या खेळात डबा पुरायचा नसतो. नियम आहे."

"पुरला कोठी?" बेबीताई धुऱ्यावरून उतरली. "खड्डा खांबाचा हाय. मधला खांब इथंच बसन ना. ऑफिसवाले म्हंतात, खड्डे खंदाले माणसं नाईत, टाइम लागन. मंग आमी खंदून ठेवला. बरणी पावणी हाय. खांब आला का उठन."

"आणि नाही आला तोवर?"

"तोवर तुमचे पावणे येऊ द्या. पण एक सांगजा त्यायले. आधी मले इचारून खड्ड्यात उतरा."

कौशल्याबाईंनी क्षणभर विचार केला. मग टोपी काढली, खड्ड्याच्या काठावर फतकल मारून बसल्या आणि वहीसाठी हात पुढे केला. रऊफने वही लगेच दिली नाही. ही बरणी आता त्याची नव्हती, म्हणून त्याला नाव लिहिता येत होतं. चव्वेचाळिसाव्या ओळीवर त्याने नाव लिहिलं, तारीख टाकली.

"गट नंबर?" शालिकरामांनी विचारलं.

"नाही," रऊफ म्हणाला.

"एचपी तरी टाका जी."

त्याने टाकला. अर्धा.